मोबाईल काढून घेतला की घर डोक्यावर घेतो

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न पाच वर्षांखालच्या मुलांचे आणि मोबाईलचेच होते, म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून यावेळी फक्त हेच घेतेय. नावं नेहमीसारखी काढलीत, पत्रं थोडी छोटी केलीत. डोळे, चष्मा यावर मी बोलणार नाही, तो डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय. मी २० वर्षं बालवाडीत मुलांच्या मध्ये बसलेली बाई, मला जे दिसतं ते त्यांचं रडणं, चिडणं, रुसणं, एकमेकांत मिसळणं, तेवढ्याबद्दल बोलते.

ताई, माझा मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. आम्ही दोघंही आयटीत, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. सासूबाई असतात पण त्यांचे गुडघे दुखतात, त्याच्यामागे पळणं त्यांना होत नाही. तो दीड वर्षाचा असल्यापासून रडला की मोबाईल द्यायचा ही सवय आम्हीच लावली, लगेच गप्प व्हायचा. आता काढून घेतला की घर डोक्यावर घेतो, लोळण घेतो, डोकं आपटतो, परवा मला चावला. प्लेग्रुपमध्ये त्याने एका मुलीच्या हातातली गाडी ओढली, ती रडायला लागली तर हा नुसता बघत उभा. टीचर म्हणाल्या त्याला काही वाटलंच नाही. तेव्हापासून मला झोप नाही. मला अगंतुगंच करा, पण खरं काय ते सांगा. – एक आई, चिंचवड

अगं, आधी ते टीचरचं वाक्य डोक्यातून काढून टाक. एवढ्या वयाचं मूल दुसऱ्याला रडताना बघत उभं राहतं हे मी दर जूनमध्ये बघते. नवीन मुलांतली काही जवळ जातात, काही त्याच्याबरोबर स्वतःच रडायला लागतात, काही खांबासारखी उभी राहतात. उभं राहणाऱ्याला काही वाटत नाही असं नाही गं, त्याला पुढे काय करायचं ते माहीत नसतं. दुसऱ्याचा चेहरा वाचणं आणि मग त्याच्यासाठी काहीतरी करणं हे मुलं शिकतात, आणि माणसांच्या चेहऱ्याकडे बघून बघूनच शिकतात. तुझ्या मुलाचा हा सराव थोडा कमी पडलाय इतकंच, आणि सव्वातीन वर्षं म्हणजे काहीच उशीर झालेला नाही.

आता रडण्याचं बघ. मूल रडतं तेव्हा त्याची छाती धडधडत असते, श्वास वर लागलेला असतो, आणि हे थांबवायचं कसं ते त्याला अजून येत नाही, ते मोठ्या माणसाकडून उसनं घ्यावं लागतं. कडेवर घेतलं, पाठीवरून हात फिरला, ओळखीचा आवाज कानावर आला की श्वास हळूहळू खाली येतो. असं शेकडो वेळा झालं की चार-पाच वर्षांचं होईपर्यंत त्याला ते स्वतःचं स्वतः थोडं थोडं जमायला लागतं. मोबाईल दिल्यावर रडणं थांबतं हे खरंय, पण ते लक्ष तिकडे ओढलं गेलं म्हणून, आणि शांत व्हायचा तो एक धडा बुडतो. रोज चार वेळा बुडाला तर वर्षभरात किती झाले बघ.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉ. जेनी रडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. ३ ते ५ वर्षांची ४२२ मुलं आणि त्यांचे पालक, आणि प्रश्न हा की चिडलेल्या मुलाला शांत करायला फोन किंवा टॅब किती वेळा देता. २०२२ च्या डिसेंबरात ते छापून आलं. जिथे जास्त वेळा दिला जायचा तिथे काही महिन्यांनी मुलांचं पटकन भडकणं, एका मिनिटात मूड बदलणं वाढलेलं दिसलं, मुलग्यांमध्ये जास्त आणि मुळातच चळवळ्या मुलांमध्ये जास्त. यात तुझ्यासाठी एक दिलासाही आहे बरं का, जे मूल जास्त रडतं त्याच्याच हातात फोन जास्त जातो, कारण आईबाप थकलेले असतात. तुझं मूल आधीपासूनच थोडं तापट असणार, तू सगळं एकटीने बिघडवलेलं नाहीस.

मागच्या पावसाळ्यातला आमच्या वर्गातला प्रसंग सांगते. एका मुलीच्या हातून मुरमुऱ्यांची वाटी सुटली. स्टीलची वाटी, फरशीवर खणखणत गोल फिरली. तिने आधी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ओठ थरथरायला लागले. मी जाऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि "सांडले ना सगळे?" एवढंच म्हणाले. मग जी रडली, नाक माझ्या पदराला पुसलं, मोठे हुंदके बारीक झाले, मध्येच थांबून फरशीवरचा एक मुरमुरा उचलून तोंडात घातला, परत थोडं रडली, आणि मग एकेक वेचून वाटीत टाकायला लागली. तेवढ्यात शेजारचा एक मुलगा, जो जूनमध्ये खांबासारखा उभा राहणाऱ्यांतला होता, आपणहून उठून आला आणि खाली बसून वेचायला लागला. सहा मिनिटं लागली, मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं. तिला त्या वेळी कुणी मोबाईल दिला असता तर ती दहाव्या सेकंदाला गप्प झाली असती, आणि तो मुलगाही जागेवरून उठला नसता, कारण त्याला उठायला लावलं ते तिच्या रडक्या तोंडाने.

आता करायचं काय. एकच नियम कडक ठेव, रडण्यावर मोबाईल नाही. रडायच्या आधी नाही, रडताना नाही, रडून झाल्यावर बक्षीस म्हणून तर अजिबात नाही. दिवसात ठरलेल्या वेळी थोडं बघू दे, हरकत नाही. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २ ते ५ वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये हेच सांगितलं, आणि कमी असेल तितकं चांगलं असंही. तुझी मीटिंग असेल तेव्हा अर्धा तास टीव्हीवर कार्टून लावून दिलंस तर त्यात काही पाप नाही, आधीच ठरवून लावलेलं कार्टून आणि रडं दाबायला हातात कोंबलेला फोन यांत खूप फरक आहे.

बंद कसं करायचं यात मीसुद्धा बरीच वर्षं चुकत होते. मला वाटायचं आधी सांगावं, "दोन मिनिटं राहिली हं." वॉशिंग्टन विद्यापीठात २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरी याच्या नोंदी ठेवल्या तर निघालं उलटंच, दोन मिनिटांची सूचना दिली की मुलं जास्त कांगावा करतात. मुलं शांतपणे उठतात ती रोजची ठरलेली वेळ असली तर, किंवा बघत असलेला भाग आपोआप संपला तर. म्हणून ऑटोप्ले बंद कर, तो सगळ्यात मोठा घोळ आहे, एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि मुलाला संपलं हे कळतच नाही. भाग संपू दे, बंद करायचं बटण त्यालाच दाबू दे, आणि लगेच हाताला काहीतरी दे, कणकेचा गोळा, मटारच्या शेंगा, पाण्याचा टब, काहीही चालेल. सासूबाईंनी पळायची गरजच नाही, बसून शेंगा सोलता सोलता त्या जे बोलतील त्याने अर्धं काम होईल.

पहिले आठ-दहा दिवस रडणं वाढेल, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर चौथ्या दिवशी तुम्ही हार मानाल, आणि त्याला कळेल की पुरेसं मोठ्याने रडलं की मिळतं. डोकं आपटायला लागला तर खाली उशी सरकव आणि जवळ बस. चावायला आला तर हात धरून "चावू देणार नाही मी" एवढंच म्हण, भाषण नको, त्या वेळी त्याला काही ऐकू जात नाही. शांत झाल्यावर जे झालं त्याला नाव दे, "कार्टून बंद झालं म्हणून राग आला होता ना तुला?" पुढे कधीतरी तो स्वतः येऊन म्हणेल "मला राग आलाय", आणि ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी मला लिही.

ताई, माझं वय ६७, साताऱ्याला असतो आम्ही दोघं. मुलगा-सून न्यू जर्सीत, नातू २० महिन्यांचा. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटायचो. आता सूनबाई म्हणतात दोन वर्षांपर्यंत स्क्रीन शून्य, म्हणून कॉल बंद केलाय, फोटो पाठवते. तिच्या मनात वाईट काही नाही हे मला कळतं पण फार लागलं हो. आम्ही पण स्क्रीनच का? – एक आजी

आजी, तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ नुसतीच बसून होते. तुमच्या सूनबाईंचा हेतू चांगलाच आहे, आणि दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको हे त्यांनी बरोबरच वाचलंय, फक्त त्यातला एक अपवाद वाचायचा राहिलाय. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनेतच आहे की दोन वर्षांखाली काहीही दाखवू नका, मात्र नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. तिकडच्या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनीही २०१६ मध्ये व्हिडिओवर बोलणं वेगळं काढलंय.

ते का वेगळं, हे सांगते, म्हणजे तुम्हाला सुनेशी बोलताना उपयोग होईल. सिअ‍ॅटलला पॅट्रिशिया कूल म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००३ मध्ये एक फार छान प्रयोग प्रसिद्ध केला. ९ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं घेतली आणि त्यांना १२ वेळा चिनी भाषेतून गोष्टी ऐकवल्या, खेळवलं. काहींना समोर बसलेल्या माणसाने, काहींना त्याच माणसांचा व्हिडिओ दाखवून. समोर माणूस असलेली बाळं चिनी भाषेतले उच्चार ओळखायला शिकली, व्हिडिओवाली काही म्हणजे काही शिकली नाहीत, आवाज तोच असून. कारण व्हिडिओतलं माणूस बाळ हसलं तरी हसत नाही, बाळाने बोट दाखवलं तरी तिकडे बघत नाही. मग २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर व्हिडिओ कॉल करून बघितला, म्हणजे पडद्यावरची बाई खरोखर त्या मुलाशीच बोलतेय, त्याच्या उत्तरासाठी थांबतेय, तर मुलं तिच्याकडून नवे शब्द जवळजवळ समोरासमोर शिकतात तसेच शिकली. आजी, तुम्ही त्याला उत्तर देता. त्याच्या हसण्यावर हसता. कार्टून हे करत नाही.

फक्त कॉल कसा करायचा ते थोडं बदला. २० महिन्यांचं मूल पाच-सात मिनिटांच्या वर टिकत नाही, ते उठून गेलं तर वाईट वाटून घेऊ नका. "आजीला हाय कर, बाय कर, गाणं म्हणून दाखव" असं त्याला सारखं सांगत बसू नका, मोठी माणसं हे फार करतात. पदर तोंडावर घ्या आणि बुवाकुक करा. त्याच्या सकाळच्या केळ्याच्या वेळी फोन लावा, उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे पाच, तुम्हीही एक केळं घेऊन बसा, तो एक घास तुम्ही एक घास. तुम्ही "गुदगुल्या करते हं" म्हणायचं आणि तिकडे सूनबाईंनी त्याच्या पोटाला करायच्या, म्हणजे तुमचा हात तिच्या हातातून पोचेल. हे पत्र तिला जसंच्या तसं दाखवलंत तरी चालेल.

मी रोज डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जातो, घरी यायला साडेआठ होतात. मुलगी अडीच वर्षांची. आल्यावरही ऑफिसचे मेसेज चालूच असतात. गेल्या पंधरा दिवसांत तिने दोनदा माझा फोन हातातून ओढून फेकून दिला, एकदा स्क्रीन फुटली. मी ओरडलो, ती रडत झोपली. तिला मोबाईल आम्ही दाखवत नाही, मग हा राग कसला? – एक बाबा

दादा, तिला फोन नकोय, तिला तुमचं तोंड हवंय, आणि त्या तोंडासमोर फोन आहे.

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी हसत-बोलत खेळते, आणि मग दोन-तीन मिनिटं तिने चेहरा एकदम मख्ख करायचा, बाळाकडे बघायचं पण काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, मग हात पुढे करतं, आवाज काढतं, आपल्याला जे जे येतं ते सगळं वापरून बघतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, रडतं. फोनमध्ये बघताना आपला चेहरा अगदी तसाच होतो, फक्त आपल्याला तो दिसत नाही. बॉस्टनकडे फास्ट फूडच्या दुकानांत मुलांना घेऊन आलेल्या ५५ मोठ्या माणसांचं संशोधकांनी नुसतं लांबून निरीक्षण केलं होतं, २०१४ ची गोष्ट, त्यातल्या ४० जणांनी जेवताना फोन वापरला, आणि जे त्यात पार बुडालेले होते त्यांची काही मुलं लक्ष वेधायला मुद्दाम वेडंवाकडं वागायला लागली. तुमच्या मुलीने फोन फेकला हे तेच आहे. साडेआठला आलेला बाबा, साडेनऊला झोपायची वेळ, तिच्या हातात एक तास, आणि तोही फोनला चाललाय म्हटल्यावर ती काय करणार हो?

घरात शिरल्या शिरल्या फोन चपलांच्या कपाटावर ठेवा आणि पहिली वीस मिनिटं तिला द्या, ऑफिस वीस मिनिटं थांबतं. त्यानंतर फोन घ्यावाच लागला तर तिला सांगून घ्या, "बाबा काकांना उत्तर लिहितोय, एवढं लिहिलं की ठेवतो", आणि खरंच ठेवा. मुलाला फोन म्हणजे काय चाललंय ते काहीच दिसत नाही, तुम्ही पोळी लाटत असलात तर दिसतं की पोळी झाली की संपणार, फोनला तसा शेवटच नाही. आणि ओरडलात ना, त्याबद्दल तिला जवळ घेऊन सॉरी म्हणा, अडीच वर्षांच्या मुलाला ते कळतं.

एकट्याने जमत नसेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून करा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही-मोबाईल बंद. सुरू केलं मुलांच्या अभ्यासासाठी, पण फोन मोठ्यांनीही खाली ठेवायचा म्हणूनच ते टिकलं असं मला वाटतं. तुमच्या घरात भोंगा लागणार नाही, कुकरची शिट्टी पुरे.

बाळ १४ महिन्यांचं, मोबाईलशिवाय तोंडच उघडत नाही. काय करू? – एक आई, नाशिक

बंद कर, आजच्या जेवणापासून. मोबाईलकडे बघता बघता तोंड उघडलं जातं आणि पोट भरलं हे बाळाला कळतच नाही, आणि घास भरवताना जी गंमत होते, तू आ करतेस म्हणून ते आ करतं, भात थुंकलं की तुझं तोंड बघतं, ती सगळी जाते. तुमच्याबरोबर खाली बसव, ताटात वरणभात ठेव, स्वतःच्या हाताने चिवडू दे, फरशी पुसावी लागेल, लागू दे. तीन-चार दिवस कमी खाईल. वजन आधीच कमी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून कर.

ताई, मुलगी २ वर्षांची झाली, आई-बाबासुद्धा म्हणत नाही. हाक मारली तर बघत नाही. जन्मल्यापासून घरात टीव्ही-मोबाईल भरपूर चालू असतो हे खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की याला व्हर्च्युअल ऑटिझम म्हणतात आणि तीन महिने मोबाईल बंद केला की बरं होतं. घरचे म्हणतात बंद करून वाट बघू, तिचे बाबाही उशिराच बोलले होते. – एक आई, लातूर जिल्हा

वाट बघू नका. बाकी पत्र नंतर वाचलं तरी चालेल, पण हे पहिलं वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

मोबाईल बंद करा, नक्की करा, टीव्हीसुद्धा. कुणी बघत नसताना नुसता चालू असतो ना, त्यानेही नुकसान होतं, कारण टीव्ही चालू असला की मोठी माणसं मुलाशी कमी शब्द बोलतात. पण "व्हर्च्युअल ऑटिझम" हे नाव डॉक्टरांच्या निदानाच्या अधिकृत यादीत नाही. ऑटिझम मोबाईलमुळे होत नाही. स्क्रीन खूप असेल आणि बोलणारं माणूस कमी असेल तर मूल मागे पडतं आणि ते वरून तसंच दिसू शकतं, आणि दुसरीकडे ज्या मुलांना खरंच ऑटिझम असतो त्यांना स्क्रीनची ओढ जास्त असते, आणि ज्यांना ऐकू कमी येतं तीही हाकेला बघत नाहीत. घरी बसून यातलं काय आहे ते तुम्हाला कळणार नाही, मलाही कळणार नाही. तीन महिने थांबून बघायचं म्हणजे तिचे तीन महिने घालवायचे, आणि या वयात मदत जितकी लवकर तितका तिचा फायदा.

हाकेला बघत नाही हे वाचून मी सगळ्यात आधी म्हणेन कान. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि बेरा टेस्टबद्दल, म्हणजे ऐकू येतं का ते बघायच्या तपासणीबद्दल, विचारा, त्यात मुलाने काही सांगायची गरज नसते, झोपेत करतात. पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीताईंना सांगा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत मुलं तपासायला येते, २०१३ पासून सुरू आहे, त्यांच्या चिठ्ठीवर पुढची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीम यायची वाट बघावी लागत असेल तर थेट जिल्हा रुग्णालयात जाऊन डीईआयसी कुठे आहे ते विचारा, लहान मुलांच्या वाढीच्या अडचणी बघायचा तो विभाग असतो.

जाताना एका कागदावर लिहून न्या, नाहीतर डॉक्टरांसमोर गडबडीत राहून जातं. हवं ते बोटाने दाखवते का, की तुमचा हात धरून नेते. तुमच्या डोळ्यांत बघते का. टाटा करते का. मागून वाटी वाजवली तर वळते का. खोटं खोटं जेवण बाहुलीला भरवते का. आधी एखादा शब्द बोलत होती आणि मग थांबली असं काही झालंय का. घरी रोज तिच्यासमोर खाली बसा, ती जे बघतेय त्याचंच नाव घ्या, आणि मग थांबा, तिला वेळ द्या, डोळ्याने किंवा आवाजाने काहीही आलं तरी त्याला उत्तर द्या.

आणि बाबा उशिरा बोलले होते हे डॉक्टरांना जरूर सांगा, पण त्यावर घरात बसून राहू नका. कानाची तपासणी झाली की काय निघालं ते मला कळवा, तुमचं पत्र मी वेगळं काढून ठेवलंय.